गलबत संघाचा दिवंगत पिचर

पासिर रिस, सिंगापूर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

गोपीनाथ,

नावाआधी ‘प्रिय’ लिहावं की ‘कै.’ लिहावं, या विचारात माझा चहा निवला. अकरा वर्षं तुझ्या नावाआधी ‘कै.’ लिहिते आहे, हात आपसूक तिकडेच वळतो. मेलेल्या माणसाची खुशाली विचारायचा मायना शाळेत आम्हाला कुणी शिकवला नव्हता. तेव्हा नुसतंच गोपीनाथ.

पत्ता चैतालीकडून मिळाला. ती ईमेलही देत होती, पण म्हटलं पाकीटच बरं. भलत्याच माणसाच्या हातात पडलं तर त्याला फाडून तरी टाकता येईल.

चैताली आपल्या टीममधली नवी मुलगी. मुलगी म्हणायचं, तशी पस्तिशीची आहे. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर, आणि पुढचं जहाज मिळेपर्यंत बुकित पंजांगला नवऱ्याच्या फ्लॅटवर. आज सीझनची पहिली मॅच होती. पहिल्या मॅचआधी दर वर्षी आम्ही बाकाशेजारी एक घडीची खुर्ची मांडतो. तिच्यावर तुझा फोटो, फोटोला लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा हार. एकेकाने फूल वाहायचं, मग सगळ्यांनी एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं. समोरची टीमही बिचारी टोप्या काढते. त्यांना वाटतं, आमच्या धर्मात बेसबॉलच्या आधी असं करावं लागतं.

चैताली फूल घेऊन पुढे गेली आणि फूल हातातच राहिलं.

“काकू, हे कोण?”

“आपले संस्थापक. गोपीनाथ केळुसकर. पहिले कप्तान, पहिले पिचर. जहाजावर असताना गेले.”

“कुठे गेले?”

“अगं, गेले म्हणजे वारले.”

“कधी?”

“दोन हजार चौदा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सकाळची बीपीची गोळी विसरलेय की काय, असं ते पाहणं होतं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “काकू, सरांनी मला मागच्या जूनमध्ये तोंडी परीक्षेत नापास केलं.”

मी म्हटलं, केळुसकर काय एकच असतात? वेंगुर्ल्याकडे दगड मारला तर केळुसकराला लागतो. तर म्हणाली, अलिबागजवळ ट्रेनिंगला शिकवतात, जेवणाच्या सुट्टीत दोरीच्या गाठीचा चेंडू करून फेकायला लावतात, आणि नीट नाही फेकला तर ओरडतात, “चेंडू टाकतेस की लग्नात अक्षता?” आणि डाव्या भुवईवर कापल्याची खूण आहे.

ती खूण माझी आहे, गोपीनाथ. २००६ साली तू तिसऱ्या बेसकडे बघत शिव्या देत असताना मी चेंडू परत फेकला होता. चार टाके पडले होते.

माझे पाय गार पडले. सिंगापुरात, ऑगस्टमध्ये, सकाळी नऊ वाजता. मिनिट संपलं, सगळे टोप्या घालून मैदानात पळाले, आणि मी कॅचरचा मुखवटा चढवून फलंदाजाच्या मागे उकिडवी बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. चेंडू येत होते. काही हातमोज्यात पडले, काही छातीवर. चौदा-दोनने हरलो. ते तुझ्या जिवंत असण्यावर ढकलणार नाही. एरवीही आम्ही तेवढ्यानेच हरतो.

आम्हाला तुझी बातमी कशी कळली ते सांगते, म्हणजे आम्ही किती मूर्ख ते तुला कळेल. तू रागावून गेलास, ग्रुप सोडलास, नंबर बदललास. सहा महिन्यांनी ग्रुपवर निरोप आला: वेंगुर्ल्याचे मरीन इंजिनियर गोपीनाथ केळुसकर यांचं इंजिनरूममधल्या अपघातात निधन. खाली पहिली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडली. एकदा पहिली पडली की दुसऱ्याने ‘नक्की का रे?’ विचारणं म्हणजे असंस्कृतपणा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तुझ्या घरी फोन कुणी केला? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केला असेल. आणि करून विचारणार काय? ‘गेले ना नक्की?’

मी तेव्हा नोव्हेनाच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ड्यूटीवर होते. एका आजोबांचा पाय हातात धरून गुडघ्याचा व्यायाम घेत होते. फोन खिशात वाजला, मी वाचलं आणि तो पाय तसाच धरून रडले. आजोबांना वाटलं, त्यांच्या पायाचं काही खरं नाही.

एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. तू मेला आहेस की नाहीस?

उल्का


पासिर रिस
रविवार, १७ ऑगस्ट

गोपीनाथ,

उत्तर नाही. म्हणजे एकतर टपाल रेंगाळलंय, नाहीतर तू खरोखर गेलेला आहेस आणि चैतालीला भूत नापास करतंय. तरी लिहिते, कारण मला हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. कारण कळेलच.

शैलेंद्रला मी लगेच सांगितलं नाही. नवरा असला तरी तो सध्या आधी टीमचा अध्यक्ष आहे. विसावं वर्ष, स्मरणिका, तुझ्या नावाचा स्मृतिचषक, सगळं त्याच्या डोक्यावर. स्मरणिकेत ‘गलबत’चा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे, कारण मराठी मंडळाच्या अंकात मी लोकांची खिल्ली उडवते ती फुकटात उडवते. म्हटलं, शैलेंद्रला धक्का बसेल. आधी कुणातरी धीराच्या माणसाला सांगू, मग दोघं मिळून त्याला सांगू.

यशोधनला गाठलं. पहिल्या बेसवर उभा राहणारा तोच, आता पोट जरा त्याच्या पुढे उभं राहतं. त्याच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरला चिकन राइस घेऊन बसलो. मी त्याला दोन घास खाऊ दिले. मग म्हटलं, “यशोधन, मन घट्ट कर. गोपीनाथ जिवंत आहे.”

त्याने चमचा खाली ठेवला नाही. “हो ना. शुगर जरा वाढलीय म्हणे.”

गोपीनाथ, आजूबाजूला दोनशे माणसं जेवत होती. मला कुणाचाच आवाज येईना.

“तुला माहीत होतं?”

“एकोणीस साली मुंबई विमानतळावर भेटला ना. तासभर बसलो. कॉफी त्यानेच पाजली.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“वहिनी, शैलेंद्र म्हणाला तुला नको सांगायला. मला काय, मी नाही सांगितलं.”

“आणखी कोणाला माहीत आहे?”

आता त्याने चमचा ठेवला. “प्रबोधला बहुतेक आधीपासून. मीनलला मीच सांगितलं, चुकून. नव्या पोरांना नाही माहीत. त्यांना तो फोटो म्हणजे क्लबचा लोगो वाटतो.”

“मग दर वर्षी हार कोण आणतं?”

“मीच.”

“जिवंत माणसाच्या फोटोला?”

“वहिनी, ती रिकरिंग ऑर्डर आहे. एकदा लावली की दर वर्षी आपोआप येते. कॅन्सल करायची तर फोन करून कारण सांगावं लागतं.”

म्हणजे अकरा वर्षं त्या मैदानावर स्तब्ध उभी राहून खरोखर स्तब्ध होणारी मी एकटीच. बाकीचे मिनिट मोजत होते.

घरी आले. अश्लेषाला सांगितलं. सोळा वर्षांची आहे ती आता. तुझ्या डोळ्यांदेखत पाळण्यात बसून बॅट चावायची. तिने हेडफोनचा एक कान काढला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “आई, यू नेव्हर गूगल हिम मेह?” मी म्हटलं, नाही. “इलेव्हन इयर्स? सो मेनी आयटी पीपल, नोबडी गूगल?” आणि कान परत लावला.

अख्ख्या टीममध्ये निम्मे सॉफ्टवेअरवाले. सोसायटीतला माळी बदलला तर त्याची माहिती काढतात. पण मेलेल्या माणसाला कोण शोधतं? सरळ आहे की, तो कुठे आहे ते माहीत असतं.

अजून शैलेंद्रला विचारलेलं नाही. तो समोर बसून बॅट पुसतोय. माझ्याकडे बघून आत्ताच म्हणाला, “काय गं, बरं नाही का?” मी म्हटलं, “गुडघा.” आमच्या घरात कशालाही गुडघा म्हणून चालतं.

स्मरणिकेचा इतिहास अर्धा लिहून झाला होता. त्यात असं आहे: २००५ साली चार बोटवाले आणि सात आयटीवाले पासिर रिसच्या मैदानावर जमले. जपानच्या बंदरात जहाज अडकलं असताना तू गोदीतल्या लोकांकडून शिकलेला हा खेळ त्यांना शिकवलास. मी भुसावळला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, दहावीचे वाढीव मार्क मिळवण्यापुरती, म्हणून मला कॅचर केलंस. आयटीवाल्यांना नाव ‘पेशवे’ हवं होतं, बोटवाल्यांना ‘गलबत’. तू म्हणालास, चेंडू ज्याच्याकडे त्याचं नाव. पहिली मॅच आम्ही जिंकलो, कारण समोरची टीम चुकून दुसऱ्या मैदानावर गेली होती. पुढे नऊ वर्षं आम्ही सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये मानाने राहिलो. मग तू सहा महिन्यांसाठी समुद्रावर असताना आयटीवाल्यांनी मीटिंग घेऊन तुला कप्तानपदावरून काढलं. कारण लिहिलं: उपलब्धता.

पुढचं वाक्य होतं, ‘आणि त्यानंतर काही महिन्यांतच काळाने घाला घातला.’ ते वाक्य कॉम्प्युटरवर तसंच आहे. पुसवत नाही आणि ठेवताही येत नाही.

उल्का


पासिर रिस
शनिवार, ३० ऑगस्ट

गोपीनाथ,

तुझी ईमेल परवा आली. चार ओळी. ‘जिवंत आहे. शैलेंद्रला विचार. तू खेळतेस म्हणून गप्प राहिलो. गुडघ्याला जप.’ तार करायचे लोक यापेक्षा जास्त लिहायचे.

शैलेंद्रला विचारलं. तो शर्टाला इस्त्री करत होता. मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं, इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं. इतकं व्यवस्थित करणारा माणूस आतून घाबरलेला असतो, हे वीस-बावीस वर्षांच्या संसारात मला कळलंय.

“बस,” म्हणाला.

“उभीच बरी आहे. बोल.”

मग सांगितलं. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मी लिहितेय. मला ते माझ्या हाताने लिहून बघायचंय. बातमीच्या दुसऱ्या दिवशी टीमचा सचिव या नात्याने त्याने वेंगुर्ल्याला तुझ्या जुन्या घरी फोन लावला. सांत्वनाला. “केळुसकरांकडून बोलताय का? मी गोपीनाथचा मित्र.” आणि पलीकडून तू म्हणालास, “गोपीनाथच बोलतोय.”

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

शैलेंद्र इस्त्रीकडे बघत म्हणाला, “मला काही सुचेना. मी म्हटलं, झालं ते फार वाईट झालं.”

तुझंच सांत्वन केलं त्याने, तुझ्याच मरणाबद्दल. आणि तूही म्हणे ‘हो ना’ म्हणालास. गेलेला तुमच्या गावचाच दुसरा गोपीनाथ केळुसकर, तोही बोटीवरचा इंजिनियर, त्याच्या घरून तू नुकताच परतला होतास. शैलेंद्रने ठरवलं, संध्याकाळी ग्रुपवर खुलासा करायचा.

पण त्या संध्याकाळी मी बॉम्ब शेल्टर उघडलं. इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्ब कधी येत नाहीत, म्हणून सगळे तिथे जुन्या बॅगा ठेवतात. त्यातून मी मुखवटा आणि हातमोजा बाहेर काढला. तुला काढलं म्हणून मी त्या लोकांबरोबर पुन्हा खेळणार नाही, असं सांगून मीच ते आत टाकले होते. हे तुला तेव्हा कुणी कळवलं होतं का? तू तर सगळ्यांनी मिळून काढलं म्हणून आमच्या सगळ्यांवर एकसारखा चिडून गेलास. मी बाहेर येऊन शैलेंद्रला म्हटलं, “रविवारी मी येते. त्याच्यासाठी.”

कॅचर नसल्यामुळे टीम तीन मॅच न खेळताच हरली होती. आणखी एक सोडली असती तर लीगने नाव काढलं असतं. बोटवाले तर निघूनच गेले होते. तू गेल्याचं ऐकून तेही परत आले, आमच्या हॉलमध्ये आयटीवाल्यांच्या गळ्यात पडून रडले. शैलेंद्रने दाराआडून ते सगळं पाहिलं आणि तुला दुसऱ्यांदा फोन केला. म्हणाला, “एवढा सीझन थांबशील का?”

तू विचारलंस, “कॅचर कोण?”

“उल्का.”

“बरं,” म्हणालास.

हे ‘बरं’ मी परवापासून तोंडात घोळवतेय. काय होतं त्यात? राग? दया? की गंमत वाटली?

“आणि पुढच्या वर्षी?” मी शैलेंद्रला विचारलं.

“दर जानेवारीत फोन करायचो. विचारायचो, चालेल ना अजून एक.”

म्हणजे तुझं मरण इथल्या एम्प्लॉयमेंट पाससारखं होतं. मुदत संपायच्या आत नूतनीकरण. आणि तू दर वर्षी सही करत गेलास.

मी तुझा मृत्युलेख लिहिला होता, तोही त्याने तुला पाठवला म्हणे. मी त्यात तुला ‘शांत आणि समजूतदार’ लिहिलं होतं. वाचून तू शैलेंद्रला म्हणालास, “हा कोण?” खरं सांगू, अकरा वर्षं मी त्या शांत आणि समजूतदार गोपीनाथशीच बोलत होते. वाईट पिचर आला की मनात म्हणायचे, गोपीनाथने असला चेंडू टाकला नसता. गोपीनाथ असाच टाकायचा, आणि वर मलाच ओरडायचा. माणूस मेला की आपण त्याला धुऊन इस्त्री करून ठेवतो. आता तो खोटा गोपीनाथही गेला आणि खरा चार ओळींची ईमेल पाठवतो. माझ्याकडे कुणीच उरलं नाही.

शैलेंद्र शेवटी म्हणाला, “तुला टीममध्ये ठेवायला केलं गं.”

मी म्हटलं, “मला विचारलं असतंस तर मी तशीही आले असते.”

“नसती आलीस.”

हे खरं आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. या सगळ्यातलं सगळ्यात वाईट तेच आहे.

दोन आठवड्यांनी विसाव्या वर्षाची मॅच. दुसरा कॅचर नाही. प्रबोधने सरावात प्रयत्न केला, चेंडू गळ्याला लागून आता कुजबुजतोय. शैलेंद्र रोज सकाळी विचारतो, “चौदाला आहेस ना?” मी उत्तर देत नाही. मी गेले नाही तर पुन्हा न खेळता हरायची रांग लागून ‘गलबत’ याच सीझनला संपतं. गेले, तर ज्यांनी मला अकरा वर्षं रडवून खेळवलं त्यांच्यासाठी जायचं. मी काय करावं, हे तुला विचारत नाहीये. तू ‘बरं’ म्हणशील.

उल्का


पासिर रिस
रविवार, १४ सप्टेंबर

गोपीनाथ,

सकाळी उठले तेव्हा ठरलं नव्हतं. पिशवी भरली तेव्हाही नाही. मैदानावर पोचले तर स्मृतिचषकाची मॅच म्हणून खुर्ची पुन्हा मांडलेली, फोटो, हार. हार आपोआप आलेला, यंदा ऑर्डरीत ही तारीखही होती. शैलेंद्र मला बघून एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच होती.

अंपायर अंकल लिम होते. निवृत्त शाळामास्तर, आमच्या मॅचना तेच असतात, कारण आमच्या मॅचना दुसरं कुणी येत नाही. दर वर्षी ते टोपी छातीशी धरून अगदी ताठ उभे राहतात. आजही राहिले. सत्तरी उलटलीय त्यांची. उन्हात मानेवरून घाम वाहत होता. त्यांच्या मागे आमचे सगळे डोळे मिटून. यशोधन, प्रबोध, मीनल, माझा नवरा. किती सुरेख मिटले होते.

मला ते पाहवलं नाही. स्तब्धता चालू असतानाच मी म्हटलं, “अंकल, ही इज नॉट डेड.”

अंकलनी टोपी तशीच धरून विचारलं, “सिन्स व्हेन?”

“सिन्स ऑल्वेज.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग आमच्या टीमकडे वळले. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि बुटांवर होते. “दे ऑल नो?”

“ऑलमोस्ट ऑल.”

“यू?”

“लास्ट मंथ.”

“मी, नाऊ,” अंकल म्हणाले. टोपी डोक्यावर घातली. मग, “एव्हरी इयर आय स्टँड. माय वाइफ फ्यूनरल ऑल्सो आय डोन्ट स्टँड सो स्ट्रेट, यू नो.”

कुणी हसलं नाही. समोरच्या टीमने टोप्या अजून हातातच धरल्या होत्या, घालाव्यात की नको ते त्यांना कळेना. शैलेंद्र पुढे आला, काहीतरी सॉरी वगैरे म्हणायला लागला. अंकलनी हात वर केला. टाइम-आउटला करतात तसाच. “फोटो टेक अवे लाह. मॅन अलाइव्ह, नॉट नाइस.” यशोधनने खुर्ची फोटोसकट उचलली आणि कुठे ठेवावी ते न सुचून मैदानभर फिरला.

मग अंकल मला म्हणाले, “यू प्ले ऑर गो होम? बोथ कॅन.”

इतक्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. शैलेंद्रने ठरवून टाकलं होतं, तू ‘बरं’ म्हणून मोकळा झालास, टीमने मान डोलावली. मला विचारलं ते ज्याला माझ्यासारखंच फसवलं होतं त्या माणसाने, आणि तेही मराठी न येणाऱ्या.

मी उकिडवी बसले. कुणासाठी, ते शोधलं, पण कुणी सापडलं नाही. तुझ्या स्मृतिप्रीत्यर्थ नाही, टीमसाठी तर नाहीच. चेंडू येऊन हातमोज्यात बसतो तेव्हा जो आवाज होतो तो मला आवडतो, एवढंच सापडलं. भुसावळला मार्क मिळाल्यावरही मी दोन वर्षं खेळत होते, हे मी विसरूनच गेले होते. आज सोपे चेंडू सुटले हातून, चुकीच्या बेसवर फेकले, एकदा तर आपल्याच पिचरला अडखळवलं. नऊ-सहाने हरलो. मॅच संपल्यावर शैलेंद्रने पाणी आणून दिलं. मी घेतलं. बोलले नाही. घरी सध्या आम्ही अश्लेषामार्फत बोलतो. ती दर वाक्याला बबल टी मागते, त्यामुळे दोघंही थोडक्यात बोलतो. हे असं किती दिवस चालेल माहीत नाही. पुढच्या रविवारी खेळायला मात्र मी जाणार आहे, हे त्याला तिच्याकरवी कळवलंय.

स्मरणिकेतला इतिहास पूर्ण करून दिला, जे घडलं ते जसंच्या तसं. शैलेंद्रने वाचून एकच दुरुस्ती सुचवली: चषकावर ‘कै.’ कोरून झालंय, ते तेवढं राहू दे का. मी म्हटलं, चषक कोरणाऱ्याला कळव, मजकूर काळाच्या थोडा पुढे आहे.

तुझी कालची ईमेल वाचली. यावेळी सहा ओळी, प्रगती आहे. विचारतोस, डिसेंबरमध्ये यावं का. माझी परवानगी कशाला? आजवर मला न विचारताच तू दर वर्षी परवानग्या देत होतास. आलास तर पिचरची जागा राखलेली नाही. मीनल टाकते हल्ली, तुझ्यापेक्षा सरळ टाकते आणि ओरडत नाही. निवड चाचणी द्यावी लागेल. आणि त्याआधी माझ्यासमोर बसून मी जे बोलेन ते ऐकावं लागेल. ते लांब आहे. मधे ‘बरं’ म्हणायचं नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते. मी तुझ्यासाठी रडून घेतलंय, पूर्ण, मनापासून, दर वर्षी. त्यातलं आता काही शिल्लक नाही. उद्या खरोखर काही झालं तर माझ्याकडून तुला एक थेंबही मिळायचा नाही, लोक काय म्हणतील ते म्हणोत. तेव्हा शुगर तपासून घे, गोळ्या वेळेवर घे, आणि इतक्यात मरू नकोस.

उल्का